यथोचित कार्यवाही

अमृतवेल रेसिडेन्सीत एजंट ठेवायचं ठरलं, तेव्हा पहिला विरोध वच्छलाबाईंनी केला.

"शिरूरात एजंट कमी हायेत व्हय? मागच्याच महिन्यात एकानं मला बायपासजवळचा प्लॉट दाखवला. त्यात निम्मा वढा व्हता. म्हणला, पाण्याची सोय हाय."

हा एजंट तसला नाही, हा एआयवाला आहे, तो माणूसच नाही, तो सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर राहतो, असं अध्यक्ष पृथ्वीराजभाऊंनी हात जोडून समजावून सांगितलं. हात जोडून बोलायची त्यांना सवय होती, कारण नगरपरिषदेची निवडणूक केव्हाही लागणार होती. पांढरा शर्ट, पांढरी गाडी आणि तिच्याहून पांढरं हसू असा हा तरुण गृहस्थ. 'तालुक्यातील पहिली एआय सोसायटी' असा फ्लेक्स त्यांनी गेटवर लावला होता. एआय अजून यायचा होता, पण फ्लेक्सवाला त्यांच्या ओळखीचा होता.

"म्हंजी फुकाट राहणार आन् मेंटेनन्स देणार न्हाई," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांचा विरोध इतिवृत्तात नोंदवला गेला नाही.

सगळी जुळवाजुळव केली तेजश्रीनं. ही दुसऱ्या मजल्यावरच्या मारुतराव पलांडे यांची सून. दौंडची मुलगी, खराडीतल्या एका कंपनीचं काम घरच्या बेडरूममध्ये बसून करायची. नवरा सत्यजीत एमआयडीसीत शिफ्टवर असल्यामुळे कधी घरी असतो आणि कधी झोपलेला असतो हे बिल्डिंगमध्ये कुणालाच नक्की सांगता येत नसे. तेजश्रीनं सभेत उभं राहून सांगितलं, "एजंटला आपण पाच कामं देणार. पंप, टँकर, गेट, नोटीस आणि तक्रारी. एकेका कामाचं एकेक टूल. आता गंमत अशी, की त्याला आपली टाकी दिसत नाही, गेट दिसत नाही. त्याच्यासमोर फक्त पाच बटणं आहेत आणि प्रत्येक बटणाखाली आपण लिहिलेल्या चार ओळी. बटण काय करतं, कधी दाबायचं, कधी नाही. त्या ओळी वाचूनच तो ठरवणार. त्यामुळं त्या नीट लिहायला हव्यात."

'लिहायला' हा शब्द ऐकताच सगळ्या माना मारुतरावांकडे वळल्या. मारुतरावांनी ती वेळ येणार हे गृहीत धरूनच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

मारुतराव एका सरकारी कचेरीतून अधीक्षक म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्या ड्राफ्टिंगची ख्याती अशी, की त्यांनी लिहिलेल्या पत्रावरून आजवर एकही माणूस चौकशीत अडकला नव्हता. चौकशी समिती पत्र वाचायची, पुन्हा वाचायची, चहा मागवायची आणि परत जायची. पत्रात काय करायचं म्हटलंय, कुणी करायचं म्हटलंय आणि करायचं म्हटलंय की नाही, या तिन्ही गोष्टी त्यांच्या वाक्यात इतक्या खोल गाडलेल्या असत, की उकरून काढायला इनामगावला उत्खनन करणारी पुरातत्त्वाची मंडळीच हवी होती. वरिष्ठ बदलत गेले, सरकारं बदलत गेली, पण 'पलांडेंना लिहायला सांगा' हा आदेश बदलला नाही. निरोप समारंभात साहेब म्हणाले होते, "तुम्ही होतात म्हणून आम्ही सुटलो." मारुतरावांना ते वाक्य फ्रेम करून घ्यावंसं वाटलं होतं.

त्यांनी पाचही वर्णनं एका बैठकीत लिहून काढली आणि कागद सुनेपुढे ठेवला. पंपाखाली लिहिलं होतं: 'पाणीपुरवठ्याची सद्यःस्थिती विचारात घेऊन पंपाबाबत यथोचित कार्यवाही करणे.' टँकरखाली: 'टंचाईसदृश परिस्थिती उद्भवल्यास टँकरबाबत तात्काळ निर्णय घेणे.' गेटखाली: 'अभ्यागतांबाबत खातरजमा करून प्रवेशाचा विचार करणे.' नोटिशीखाली: 'प्राप्त माहिती सर्व संबंधितांस अवगत करणे.' आणि तक्रारींखाली: 'तक्रारी विनाविलंब निकाली काढणे.'

तेजश्रीनं कागद वाचला. मग पुन्हा वाचला. चौकशी समितीच्या चेहऱ्यावर येत असे तोच भाव तिच्या चेहऱ्यावर आला.

"मामा, यथोचित म्हणजे नेमकं काय?"

"यथोचित म्हणजे... जे उचित असेल ते."

"पण ते उचित आहे की नाही, हे कुणी ठरवायचं?"

"ज्याचं त्यानं."

"तो यंत्र आहे, मामा. त्याला आपण सांगितलं नाही तर तो अंदाज करील."

"मग करू दे की! सगळं खातं अंदाजावरच चालायचं." मारुतरावांच्या आवाजाला थोडी धार आली. उभ्या नोकरीत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता, आणि तो आता स्वतःच्या सुनेनं, स्वतःच्या सोफ्यावर बसून विचारावा!

स्वयंपाकघरातून ललिताबाई, म्हणजे मारुतरावांच्या सौभाग्यवती, म्हणाल्या, "अगं, तुझं स्थळ पसंत हाय म्हणून ह्यांनी दौंडला पत्र धाडलं व्हतं. 'अनुकूल विचार करण्यास प्रत्यवाय नसावा.' तुझ्या पप्पांना वाटलं नकार आला. त्यांनी दुसरं स्थळ बघायला घेतलं व्हतं."

मारुतरावांनी पेपर उघडला. तेजश्रीला शब्द बदलायचे होते. पण सासऱ्याचं अक्षर, सासऱ्याची सही आणि गेटवर फडफडणारा अध्यक्षांचा फ्लेक्स. तिनं सगळं जसंच्या तसं भरलं. एजंटाचं नाव 'मदतनीस' ठेवलं, आणि सोमवारी तो कामाला लागला.

पहिल्याच सकाळी ग्रुपवर कुणीतरी विचारलं, "पाणी आलं का?" मदतनीसानं सद्यःस्थिती विचारात घेतली आणि पंप चालू केला. कुणी उत्तर दिलं, "आलं." त्यानं पंप बंद केला. तिसऱ्यानं विचारलं, "आमच्याकडं का नाही आलं?" पंप चालू. अमृतवेलमधली माणसं सकाळी गप्प बसणारी नव्हती, त्यामुळे पंप दहा वाजेपर्यंत उचकी लागल्यासारखा करत राहिला आणि शेवटी जळका वास सोडून थंड झाला. पंपाला यथोचित न्याय मिळाला.

तेवढ्यात वच्छलाबाईंनी ग्रुपवर लिहिलं, "बाजारात मेथीची लई टंचाई हाय." परिस्थिती टंचाईसदृश असल्याचं मदतनीसाच्या लगेच लक्षात आलं. दुपारी टँकर आला. वरची टाकी गच्च भरलेली. टँकरवाल्यानं तरीही पाइप लावला, पाणी टाकीवरून वाहिलं, जिन्यावरून उतरलं आणि पार्किंगमध्ये स्कूटरच्या चाकांपर्यंत चढलं. सगळे ओरडत होते. अध्यक्ष तेवढे शांत होते. "असू द्या, असू द्या. पाणी असलेलं बरं," ते म्हणाले, आणि टँकरवाल्याला स्वतः वाट दाखवत बाहेरपर्यंत गेले. अध्यक्षांच्या संयमाचं मारुतरावांना फार कौतुक वाटलं.

तक्रारींचं तर विचारूच नका. वच्छलाबाईंच्या न्हाणीघराचं छत कित्येक महिने गळत होतं. त्यांना मेसेज आला: 'आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. सहकार्याबद्दल धन्यवाद.' त्या न्हाणीघरात जाऊन बघून आल्या. थेंबाला बहुधा निरोप पोचला नव्हता. अशी सगळ्यांची एकेक तक्रार एका सकाळीत निकाली निघाली, आणि पृथ्वीराजभाऊंनी दुसरा फ्लेक्स सांगितला: 'तक्रारी शून्य!'

"काका, तुमच्या भाषेत वजन आहे," ते मारुतरावांचा हात हातात घेऊन म्हणाले. मारुतराव घरी आले ते जरा छाती काढूनच. पंप काय, पंप दुरुस्त होतो.

पण बुधवारी जे झालं, ते कुठल्याच मेकॅनिकच्या हातातलं नव्हतं.

तेजश्रीचे वडील हौसराव ताकवणे दौंडहून राहायला यायचे होते. हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. निवृत्त झाले तरी त्यांच्या खिशात शिट्टी असे. माणूस सज्जन, फक्त एक गोष्ट. ललिताबाईंनी मदतनीसाला एकांतात, फोन तोंडाजवळ धरून, हळू आवाजात सांगितलं, "आमचं व्याही येणार हायेत मुक्कामाला. पण ते लई घोरत्यात. क्लब हाऊसची खोली मिळंल का? आन् हे कुणाला सांगू नको बरं का."

मदतनीसाला माहिती प्राप्त झाली होती. ती सर्व संबंधितांस अवगत करणं त्याचं कामच होतं. सगळ्या मोबाइलवर एकदम टुंग वाजलं:

'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, श्री. हौसराव ताकवणे (दौंड) हे मुक्कामी येत असून ते मोठ्या प्रमाणावर घोरतात. सदर बाब कुणासही सांगू नये.'

आता संबंधित म्हणजे कोण, हे मारुतरावांनी लिहिलं नव्हतं. लिहायची पद्धतच नव्हती. वडिलांना गेटवर थांबायला लागू नये म्हणून तेजश्रीनं त्यांचा नंबर पाहुण्यांत घालून ठेवला होता. मदतनीसानं विचार केला असावा, की या प्रकरणात त्यांच्याहून अधिक संबंधित दुसरं कोण आहे?

हौसरावांनी तो मेसेज न्हावऱ्याला वाचला. एसटी तिथं थांबते, लोक भेळ घेतात. हौसरावांनी भेळ घेतली नाही.

ते गेटवर पोचले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. गेट बंद. फोनवर दुसरा मेसेज आला: 'आपण तेच घोरणारे हौसराव ताकवणे आहात का? खातरजमेसाठी होय किंवा नाही कळवावे.' आयुष्यभर हिरवी झेंडी दाखवून गाड्या सोडलेला माणूस त्या गेटसमोर पिशवी घेऊन उभा राहिला. आत दोन गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. मागं एक रिक्षा हॉर्न वाजवत होती. शेवटी त्यांनी बोटानं एकेक अक्षर शोधून 'होय' असं लिहिलं, आणि गेट उघडलं.

घरात आले ते बूट न काढता खुर्चीवर बसले. ललिताबाईंनी पुढं केलेल्या चहाकडे त्यांनी बघितलं नाही.

"पप्पा, चुकून झालं..." तेजश्री म्हणाली.

"तू गप. हे लिव्हलं कुणी?"

मारुतरावांनी घसा साफ केला. "मसुदा माझा होता. परंतु त्याची अंमलबजावणी..."

"पाव्हणं," हौसराव म्हणाले, "रेल्वेत आसं लिव्हलं आस्तं, तर दोन गाड्या समूरासमूर आल्या आस्त्या."

"आमच्या खात्यात कधी गाड्या समोरासमोर आल्या नाहीत!"

"कशा येतील? तुमच्या खात्यात काय हाललंच न्हाई कवा."

मारुतरावांनी आयुष्यात ताशेरे पाहिले होते, मेमो पाहिले होते, एकदा तर निलंबनाची धमकीही पाहिली होती; पण ते सगळं कागदावर होतं आणि त्याला कागदावर उत्तर देता आलं होतं. हे तोंडावर होतं, आणि ललिताबाई हसू दाबण्यासाठी पदर तोंडाशी नेत होत्या.

हौसराव त्याच पावली परत जायला निघाले, तेव्हा त्यांना थांबवायचा एकच मार्ग उरला. ललिताबाईंनी नवऱ्याच्या खिशातलं पेन काढलं आणि व्याह्यांच्या हातात दिलं. "आता तुमीच ल्ह्या. ह्यांनी लिव्हलेलं पुरं झालं."

हौसरावांनी पेनाचं टोपण काढलं, बूटही काढले. मारुतराव बेडरूममध्ये गेले आणि त्यांनी भिंतीकडे तोंड करून अंग टाकलं.

रेल्वेच्या माणसाचा एक समज असतो: जे हललं नाही, ते धडकत नाही. हौसरावांनी लिहिलेल्या पाचही वर्णनांत क्रियापदं जवळजवळ सगळी 'नये'वर संपत होती. 'दोन जबाबदार इसमांनी टाकी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पंप सुरू करू नये.' 'अध्यक्षांची सही असल्याशिवाय टँकर मागवू नये.' 'लेखी अधिकारपत्राशिवाय गेट उघडू नये. संशय आल्यास उघडू नये. संशय न आल्यास, तो का आला नाही याचा तपास होईपर्यंत उघडू नये.' नोटीस पाठवू नये. तक्रार बंद करू नये, उघडूही नये. तेजश्री काही बोलायला गेली, तर हौसरावांनी मेसेज उघडून फोन तिच्यासमोर धरला. आधी सासरा, आता बाप. तिनं तेही भरलं.

मदतनीस दुसऱ्या दिवसापासून पुतळ्यासारखा उभा राहिला. दूधवाला बाहेर, सोसायटी आत. शिफ्टवरून आलेला सत्यजीत गेटबाहेर बाइकवर झोपला. वच्छलाबाईंनी डोक्याला शिकेकाई लावली आणि नळ कोरडा पडला. त्या तशाच, टॉवेल गुंडाळून, दुसरा जबाबदार इसम शोधत जिन्यावरून हिंडत होत्या. जो भेटेल तो म्हणायचा, "जबाबदार? मी नाही बुवा."

आणि शनिवारी या एआय सोसायटीचं उद्घाटन होतं.

साहेब येणार होते. साहेब म्हणजे कोण ते सांगायची गरज नाही. प्रत्येक तालुक्यात एक असतात. हलगी लावली होती, स्टेज होतं, सोसायटीच्या आतल्या बाजूला लाल फीत होती. साहेबांच्या गाड्यांची रांग गेटबाहेर येऊन थांबली. मदतनीसानं अधिकारपत्र मागितलं. पृथ्वीराजभाऊ आतून ओरडले, "अरे, साहेब आहेत!" मदतनीसानं लिहिलं: 'आपला आग्रह संशयास्पद आहे. तपास सुरू आहे.'

भाऊंनी गेटला लाथ मारली. हलगीवाल्याला तो इशारा वाटला, त्यानं वाजवायला सुरुवात केली. कुणीतरी तेजश्रीला बोलवायला धावलं. ती कंपनीच्या मीटिंगमध्ये कानाला हेडफोन लावून बसली होती. तोवर साहेबांनी घड्याळ पाहिलं, गाडीतून उतरले, नारळ गेटच्या बाहेरच फोडला आणि गजांमधून माइक घेऊन म्हणाले, "सुरक्षा असावी तर अशी! जिथं मलाही प्रवेश नाही, तिथं चोराची काय हिंमत?" टाळ्या झाल्या. साहेब पुढच्या कार्यक्रमाला गेले. फीत आतल्या बाजूला कुणी न कापल्यामुळं तशीच राहिली.

संध्याकाळच्या सभेत दोन्ही व्याही शेजारी शेजारी खाली मान घालून बसले होते. त्या सभेनं त्यांच्यात जेवढा जिव्हाळा निर्माण केला, तेवढा लग्नानंही केला नव्हता. ठराव झाला: तेजश्रीनं स्वतः लिहावं.

तेजश्रीनं मात्र रविवारी सकाळी लॅपटॉप घेतला आणि सासऱ्यांना समोर बसवलं. "मामा, सोसायटीचं तुम्हाला जेवढं माहीत आहे तेवढं मला नाही. तुम्ही सांगा, मी लिहिते. बोलल्यासारखं सांगा फक्त."

मारुतरावांना नाही म्हणायचं होतं. पण आठवडाभरात त्यांच्याशी नीट बोलणारं हे पहिलंच माणूस होतं.

"टँकर कधी लागतो?"

"टंचाईसदृ..." ते थांबले. "टाकी रिकामी झाली की."

"रिकामी म्हणजे किती?"

"पाव टाकीच्या खाली गेली की. आणि नळालाही पाणी नसलं तर."

"कधी मागवायचा नाही?"

हा प्रश्न फारच उघडा होता. मारुतरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. "टाकीत पाणी असताना," ते हळूच म्हणाले, जणू कुणी ऐकेल. "आणि कुणी मेथीबद्दल बोललं तर."

तिनं लिहिलं आणि वाचून दाखवलं: "'हे टूल टँकरवाल्याला फोन करून एक टँकर बोलावतं. वरची टाकी पावाच्या खाली गेली आहे आणि नळालाही पाणी नाही, असं कुणी बघून कळवलं, तेव्हाच वापरायचं. नुसता पाण्याचा किंवा टंचाईचा उल्लेख झाला, तर वापरायचं नाही. शंका वाटली तर आधी सेक्रेटरींना विचारायचं.' बरोबर?"

मारुतरावांनी ते दोनदा ऐकलं. त्यात लपायला जागाच नव्हती. सगळे दिवे लावलेल्या खोलीत उभं राहिल्यासारखं त्यांना वाटलं. आणि गंमत म्हणजे, भीती ओसरल्यावर जरा बरंही वाटलं. मग तेच भराभर सांगू लागले. 'संबंधित' काढा, नावं घाला. खासगीत सांगितलेलं ग्रुपवर टाकायचं नाही. तक्रारींचं टूल एक नको, दोन हवीत: एक नोंदवायचं, एक बंद करायचं, आणि बंद कधी, तर ज्याची तक्रार आहे त्यानं काम झालं असं सांगितल्यावरच. शेवटी शेवटी हौसरावही खुर्ची सरकवून जवळ आले आणि म्हणाले, "गेट लागताना मधी गाडी आसंल तर थांबायचं, ते लिव्हलं का?" ते राहिलंच होतं. ते लिहिलं.

मदतनीस सुतासारखा सरळ झाला. पंप वेळेवर, गेट वेळेवर. मारुतरावांना मात्र या प्रकाराचा नादच लागला. "ललिता, चहा. अर्धा कप. साखर नको. आत्ता," असं ते एकदा म्हणाले, तेव्हा ललिताबाईंनी आतूनच विचारलं, "मला टूल समजलात व्हय? कवा वापरायचं न्हाई, ते बी ल्हून ठेवा." अर्ध्या तासानं चहा आला, साखर घालून.

असे काही आठवडे गेले. मग पृथ्वीराजभाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आले. तेजश्री दौंडला माहेरी गेलेली होती.

"काका, मनापासून सांगू? तुमची पहिली भाषा भारदस्त होती. आताचं कसं बाळबोध वाटतं. शाळेच्या पाटीवर लिहिल्यासारखं."

मारुतरावांना पेढा गोड लागला.

"तक्रारींची यादी लांबतच चाललीय. लोक वाचतात, काका. निवडणूक तोंडावर आहे. आणि ते टँकरचं... जरा गुळगुळीत करा. तुमच्यासारखं ड्राफ्टिंग तालुक्यात कुणाचं आहे?"

"करतो की," मारुतराव म्हणाले. त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "म्हणजे टँकर नेमका कसा हवा?"

"आठवड्यातून दोनदा आला म्हणजे झालं. सोमवार, गुरुवार."

"टाकी भरलेली असली तरी?"

"हो... म्हणजे तसं लिहू नका."

"टँकर कुणाचा सांगायचा?"

"आमच्या मेव्हण्याचाच की. नेहमीचाच." भाऊ उठले. "तुम्ही जाणते आहात."

भाऊ गेल्यावर मारुतराव जुनं पेन घेऊन बसले. 'टंचाईसदृश', त्यांनी लिहिलं, आणि लगेच मनात कुणीतरी विचारलं, सदृश म्हणजे किती? त्यांनी खोडलं. 'आवश्यकतेनुसार.' कुणाच्या? खोडलं. 'यथोचित.' तोही गेला. उभ्या हयातीत कमावलेली कला बोटांतून निघून गेली होती. दोन तास घाम गाळूनही एक गोलमाल वाक्य उतरेना. मनात दुसरीही एक शंका होती: टँकरवाल्याला बाहेरपर्यंत सोडायला गेलेला तो संयम आता त्यांना नीट कळू लागला होता. पण ती शंका त्यांनी बाजूला ठेवली. काम मागितलं होतं. काम नीट करून द्यायला हवं होतं. तेजश्रीनं दाखवून दिलं होतं तसं त्यांनी स्वतःच्या हातानं टूलचं वर्णन बदललं, आणि एक टूल कसं असावं याचा तो नमुनाच झाला.

सोमवारी टँकर आला. वच्छलाबाईंनी ग्रुपवर विचारलं, "टाकी भरलीया. मग टँकर कशापायी?"

मदतनीसानं वर्णन वाचलं आणि सगळ्यांसमोर सरळ उत्तर दिलं:

'हे टूल अध्यक्षांच्या मेव्हण्यांचा टँकर बोलावतं. दर सोमवारी आणि गुरुवारी वापरायचं, टाकी भरलेली असली तरी. टाकी भरलेली आहे असं कुणी सांगितलं, तर तिकडे लक्ष द्यायचं नाही. या सूचना अध्यक्षांनी दिल्या आहेत. आणखी काही मदत हवी आहे का?'

अमृतवेलमध्ये सकाळी कधी एवढी शांतता झाली नव्हती. मग एका मजल्यावर दार आपटलं, मग दुसऱ्या, आणि मग सगळ्याच. पृथ्वीराजभाऊ जिना चढत आले ते पांढऱ्या शर्टाहून पांढरे होऊन.

"काका! हे काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत तेच." मारुतरावांनी काळजीनं चष्मा लावला. "काही राहिलं का त्यात?"

त्यांचा चेहरा इतका निष्पाप होता, की ते भोळे आहेत की मुरलेले, हे भाऊंना त्या दिवशीही कळलं नाही आणि पुढंही कधी कळलं नाही. खरं सांगायचं तर मारुतरावांनाही ते नक्की सांगता आलं नसतं. ललिताबाई मात्र आत भाकरी थापता थापता गाणं गुणगुणत होत्या.

तातडीची सभा वच्छलाबाईंनी चालवली. हौसराव तेवढ्यासाठी लेकीला घेऊन दौंडहून आले आणि पहिल्या रांगेत बसले. अध्यक्षांनी राजीनामा द्यावा यावर मतदान हात वर करून झालं. वर गेलेले हात मोजायचं कुणी मनावर घेतलं नाही, कारण खाली राहिलेला एकच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारावरची बेल वाजली. पृथ्वीराजभाऊ उभे होते. आज शर्टाची इस्त्री मोडली होती आणि हातात पेढे नव्हते.

"काका, राजीनामा लिहून द्या. एवढं शेवटचं." ते खुर्चीच्या कडेवर टेकले. "छोटाच लिहा. 'वैयक्तिक कारणास्तव'. एवढंच."

मारुतरावांना वाईट वाटलं. पोरगा काही झालं तरी त्यांच्या भाषेचं कौतुक करणारा होता. त्यांनी कोरा कागद घेतला, वर तारीख घातली, समास सोडला, 'वैयक्तिक' हा शब्द वळणदार अक्षरात लिहिला आणि थांबले. मग पेन हातात तसंच धरून, अगदी मायेनं, त्यांनी विचारलं,

"वैयक्तिक म्हणजे, भाऊ, नेमकं काय? सावकाश सांगा. मी लिहून घेतो."